सत्ता आणि सेवा : ह्यूगोच्या एका कादंबरीच्या निमित्तानें

'अधिकार' या शब्दाला आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. हुकूम सोडण्याची शक्ति हा एक, आणि एखाद्या गोष्टीस लागणारी पात्रता हा दुसरा. मामलेदाराचा अधिकार हा पहिल्या अर्थानें. 'अध्यात्मांत त्यांचा अधिकार मोठा' असें आपण म्हणतों तो दुसऱ्या अर्थानें. ज्याच्या अंगीं दुसरा अधिकार आहे त्याच्याच हातीं पहिला जावा, अशी अपेक्षा या एका शब्दांत दडलेली दिसते. व्यवहारांत तसें क्वचितच घडतें. आणि मग ही विसंगति झांकण्याकरितां एक तिसरा शब्द पुढें करण्यांत येतो, तो म्हणजे 'सेवा'. निवडणुकीस उभा राहणारा प्रत्येक उमेदवार सेवक असतो, आणि संस्थेच्या जुन्या चालकांस खुर्ची सोडवत नाहीं तीहि सेवेच्या ओढीनेंच. शब्द इतका झिजला आहे कीं, तो कानीं पडतांच सुज्ञ श्रोता प्रथम आपला खिसा चाचपून पाहतो.

तथापि शब्द झिजला म्हणून त्यामागचा प्रश्न झिजत नाहीं. सत्ता ही खरोखरच सेवा होऊं शकते काय? कीं सत्ता ती सत्ता आणि सेवा ती सेवा, आणि जो दोन्हींचें नांव एका दमांत घेतो तो स्वतःला तरी फसवतो किंवा आपल्याला तरी? या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मानें एक निश्चित उत्तर दिलेलें आहे, आणि त्या उत्तराची वाङ्मयांतील सर्वांत कसून घेतलेली परीक्षा मला व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या १८६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत दिसते. साने गुरुजींच्या 'दुःखी'मुळें या कादंबरीचें कथानक मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. दलित-पतितांविषयींच्या करुणेची कथा म्हणूनच ती बहुधा वाचली जाते, आणि तसें वाचणें चूक नव्हे. परंतु ती अधिकाराविषयींची कादंबरीहि आहे, आणि त्या दृष्टीनें वाचली असतां तिच्यांतील कित्येक सुप्रसिद्ध प्रसंग वेगळेच दिसूं लागतात, असें मला वाटतें.

प्रथम ख्रिस्ती उत्तर काय तें नीट पाहिलें पाहिजे, कारण तें जितकें प्रसिद्ध आहे तितकेंच चुकीचें समजलें जातें. योहानाच्या शुभवर्तमानांत शेवटच्या भोजनाच्या वेळचा एक प्रसंग आहे. येशू भोजनावरून उठतो, वरचें वस्त्र काढून ठेवतो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुऊं लागतो. त्या काळीं हें काम चाकराचें. पेत्रास तें सहन होत नाहीं, तो पाय मागें घेऊं पाहतो; आणि त्याचा हा संकोच आपणां सर्वांस कळण्यासारखा आहे. या कथेचें तात्पर्य सामान्यतः 'नम्रता' या एका शब्दांत सांगून टाकतात. पण शुभवर्तमानकाराची मांडणी अधिक सूक्ष्म आहे. येशूच्या हातीं सर्व कांहीं सोंपविलेलें आहे हें येशूला माहीत होतें, असें तो पाय धुण्याच्या वर्णनाआधींच मुद्दाम सांगतो. आणि पाय धुऊन झाल्यावर येशू आपलें वस्त्र पुन्हां अंगावर घेतो, आसनावर बसतो, आणि तुम्ही मला गुरु व प्रभु म्हणतां तें योग्यच आहे, असें शिष्यांस स्पष्ट बजावतो. म्हणजे अधिकाराचा त्याग येथें नाहींच. अधिकाराची पूर्ण जाणीव ठेवून केलेला त्याचा हा उपयोग आहे.

या प्रसंगांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, ही सेवा स्वतःच्या हातानें आणि स्वतः वाकूनच करावी लागते. उभें राहून कोणाचे पाय धुतां येत नाहींत. दुसरी, तिच्यासाठीं अधिकाराचें वस्त्र वेळप्रसंगीं काढून ठेवतां आलें पाहिजे. तिसरी, तुम्हींहि एकमेकांस असेंच करा, या आज्ञेनें तो प्रसंग संपतो. म्हणजे ही सेवा एका पुरुषापाशीं थांबावयाची नसून पुढें चालावयाची आहे. ह्यूगोनें निर्माण केलेले तीन अधिकारी, म्हणजे बिशप, नगराध्यक्ष आणि पोलीस-अधिकारी, या तीन कसोट्यांवर घासून पाहण्यासारखे आहेत.

बिशप मिरिएल हा कादंबरीच्या अगदीं आरंभींच भेटतो. बिएन्व्हन्यु द मिओलिस हा १८०५ पासून १८३८ पर्यंत दीन्य येथें खरोखरच होऊन गेलेला बिशप, आणि त्याच्यावरून ह्यूगोनें ही मूर्ति घडविली. बिशप म्हणून गांवांत आल्यावर मिरिएल शेजारचें इस्पितळ पाहतो. लहानशा खोल्यांत २६ रोगी कोंडलेले. आणि इकडे बिशपच्या प्रशस्त वाड्यांत तो, त्याची बहीण आणि एक मोलकरीण अशीं तीनच माणसें. कांहीं तरी चूक झाली आहे, असें ठरवून तो वाडा इस्पितळाला देतो आणि स्वतः इस्पितळाच्या ठेंगण्या इमारतींत राहावयास जातो. सरकारकडून वर्षास मिळणाऱ्या १५,००० फ्रँकांपैकीं स्वतःसाठीं तो केवळ १,००० ठेवतो. पुढें तो घोडागाडीचा भत्ता मागतो, तेव्हां गांवांतल्या प्रतिष्ठितांना आनंदच होतो : पाहा, अखेर हाहि इतरांसारखाच! भत्त्याचे ३,००० फ्रँक मंजूर होतात आणि रोग्यांच्या सूपासाठीं व अनाथ मुलांसाठीं वांटले जातात. गाडी कांहीं येत नाहीं.

हे आंकडे ह्यूगोनें हिशेबाच्या वहींतल्यासारखे मांडले आहेत, आणि त्यांत त्याचें मर्म आहे. बिशपची सेवा ही मनाची वृत्ति म्हणून तो सांगत नाहीं. ती जमाखर्चांत दाखवतो. शिवाय येथें एक बारकावा आहे. मिरिएल बिशपपद सोडून संन्यासी होत नाहीं. तसें केलें असतें तर वाडा पुढच्या बिशपला गेला असता आणि २६ रोगी आपल्या कोंदट खोल्यांतच राहिले असते. भत्ता मागण्याचा हक्क बिशपलाच होता, म्हणून तर तो रोग्यांच्या वाडग्यापर्यंत पोंचला.

हीच गोष्ट चांदीच्या प्रसंगीं अधिक तीव्रतेनें दिसते. एकोणीस वर्षें सक्तमजुरी भोगून १८१५ सालीं सुटलेला जाँ व्हालजाँ बिशपच्या घरीं आसरा घेतो, रात्रीं चांदीचे चमचे-कांटे चोरून पळतो आणि सकाळीं शिपायांच्या हातीं सांपडतो. बिशप त्यांना सांगतो कीं, ती चांदी आपणच दिली होती. आणि समया न्यावयाच्या राहिल्या म्हणून त्याहि व्हालजाँच्या हातांत ठेवतो. आजवर या प्रसंगांतील क्षमेचें कौतुक पुष्कळ झालें आहे. पण शिपायांनीं कैद्याला सोडलें तें कोणाच्या शब्दावर? हेंच वाक्य एखाद्या मोळीविक्यानें उच्चारलें असतें तर शिपाई हंसले असते, आणि कदाचित् साथीदार म्हणून त्यालाहि धरून नेतें झाले असते. क्षमा कोणीहि करूं शकतो. पण ती क्षमा बेडीवर चालावयाची तर तिच्यामागें बिशपच्या शब्दाचें वजन लागतें. बिशप त्या क्षणीं आपला अधिकार सोडीत नाहीं. तो सगळाच्या सगळा एका चोरावर खर्च करून टाकतो.

येथें कोणी आक्षेप घेईल, आणि तो वाजवी आहे, कीं वजनदार माणसाचा शब्द कायद्याला वांकवूं लागला तर त्यांतून अनर्थहि तितकेच होतील. बड्यांच्या एका शब्दावर सुटलेल्या अपराध्यांचा अनुभव कोणत्या देशाला नाहीं? पण दोहोंतला भेद फार सोपा आहे. बडा माणूस शब्द टाकतो तेव्हां त्याची किंमत कोणी तरी दुसरा भरतो : ज्याची चोरी झाली तो, किंवा ज्याची नेमणूक हुकली तो. बिशपनें जी चांदी दिली ती त्याच्याच घरांतली, आणि त्या दिवसापासून लांकडी चमच्यानें जेवावयाचें तेंहि त्यालाच होतें. अधिकारानें केलेल्या दयेचें बिल कोणाच्या नांवावर निघतें, हें पाहिलें म्हणजे ती दया आहे कीं मेहेरबानी, याचा उलगडा होतो.

ह्यूगोनें या साधूला सर्वस्वीं निर्दोष केलेलें नाहीं, हें त्याच्या कलेचें भूषण समजलें पाहिजे. गांवाबाहेर एकटाच मरणपंथाला लागलेल्या एका म्हाताऱ्या क्रांतिकारकाला भेटावयास बिशप जातो. हा माणूस क्रांतीच्या काळच्या राष्ट्रसभेचा सभासद. तो बिशपला त्याच्या मानाच्या पदवीनें संबोधित नाहीं, आणि एरवीं अशा पदव्यांना हंसणाऱ्या बिशपला तें किंचित् खटकतें! अहंकार किती खोल लपून बसतो! पण संभाषणाच्या अखेरीस आशीर्वाद द्यावयास गेलेला बिशप गुडघे टेकून त्या माणसाकडेच आशीर्वाद मागतो. वरचें वस्त्र काढून ठेवण्याचा हा क्षण आहे, आणि चांदीच्या प्रसंगाहून तो मला अधिक कठीण वाटतो. कारण चांदी देण्यापेक्षां आपलें मत खालीं ठेवणें अधिकाऱ्याला जड जातें.

दुसरा अधिकारी मादलेन. हा म्हणजे नांव बदलून माँत्रई-सुर-मेर गांवीं स्थायिक झालेला व्हालजाँच होय. काळ्या मण्यांच्या धंद्यांत राळेऐवजीं लाख वापरण्याची युक्ति काढून तो श्रीमंत होतो आणि गांवालाहि श्रीमंत करतो. इस्पितळाला खाटा देतो, शाळा बांधतो, शिक्षकांस पदरचा पगार देतो. १८१९ सालीं त्याला नगराध्यक्षपद देऊं केलें जातें, तें तो नाकारतो. पुढल्या वर्षीं पुन्हां आग्रह होतो. आणि दारांत उभी असलेली एक सामान्य म्हातारी जवळजवळ रागावून त्याला विचारते कीं, हातून भलें होण्यासारखें असतां माणसानें मागें हटावें काय? त्या प्रश्नानें तो होकार देतो. सत्ता कोणाच्या सांगण्यावरून घ्यावी, याचें याहून चांगलें उत्तर सांपडणें कठीण.

आणि तरीहि याच भल्या माणसाच्या कारखान्यांत फांतीनचा नाश होतो. कारखान्यांत स्त्रियांचा विभाग वेगळा. तेथें नीतीचे नियम कडक. आणि देखरेखीस एक प्रौढ, सच्छील बाई. मादलेन स्वतः त्या विभागांत पाऊल सहसा टाकीत नाहीं. फांतीनला एक मूल आहे हें उघडकीस येतांच ती बाई नगराध्यक्षांच्या वतीनें तिच्या हातावर ५० फ्रँक ठेवते, आणि नगराध्यक्षांच्याच नांवानें तिला गांव सोडावयास सांगते. मादलेनला यांतलें कांहींहि ठाऊक नाहीं. फांतीन मात्र समजते कीं, ही त्याचीच आज्ञा. मग कर्ज, उपास, केंस विकणें, दांत विकणें, आणि शेवटीं स्वतःला विकणें.

सबंध कादंबरींतला हा मला सर्वांत बोचणारा भाग वाटतो. येथें दुष्ट कोणीच नाहीं! बाईनें नियम पाळला, नियम शुद्ध हेतूनें केलेला, करणारा परोपकारी. पण त्या परोपकाराला वाकणें ठाऊक नव्हतें. पाय धुणाराला पायांवरची धूळ दिसते. इस्पितळाला खाटा देणाराला खाटांचा फक्त आंकडा दिसतो. पुढें पोलीसचौकींत फांतीन मादलेनच्या तोंडावर थुंकते. तो तोंड पुसतो आणि तिला सोडण्याचा हुकूम देतो. पोलीस-अधिकारी अडून बसतो तेव्हां कायद्याचीं कलमें सांगून हा विषय नगरपालिकेच्या कक्षेंतला असल्याचें दाखवून देतो. अधिकाराचा सेवेसाठीं इतका रोखठोक उपयोग दुसरीकडे क्वचितच चित्रित झाला असेल. पण तो हुकूम फार उशिरां आला. आपल्याला कांहींच ठाऊक नव्हतें, हें मादलेनचें सांगणें अक्षरशः खरें आहे, आणि तें त्याला सोडवीत नाहीं. जें आपल्या नांवानें होतें त्याचें अज्ञान ही अधिकाऱ्याची सबब होऊं शकत नाहीं. तो त्याच्या अधिकारांतला एक दोष असतो.

यानंतर येतो शाँमात्यूचा प्रसंग. आरास येथें एका अजाण म्हाताऱ्याला जाँ व्हालजाँ समजून जन्मठेपेची शिक्षा होण्याच्या बेतांत आहे. मादलेननें जाऊन खरें सांगितलें तर त्याचें सर्वस्व जाईल. गप्प राहिला तर एक निरपराधी जाईल. रात्रभर त्याच्या मनांत जें युद्ध चालतें त्यांतला मोहाचा आवाज सुखाचा किंवा पैशाचा नाहीं. तो सेवेचा आहे! मी गेलों तर हा गांव, हे कारखाने, हीं म्हातारीं माणसें, हीं मुलें यांचें काय होईल? एका अनोळखी म्हाताऱ्यासाठीं या सर्वांना मीं वाऱ्यावर सोडावें काय? हा युक्तिवाद खोटा नाहीं, आणि म्हणूनच तो भयंकर आहे. अधिकारावर बसलेल्या माणसाला सेवेचें नांव जितकें फसवतें तितका लोभ फसवीत नाहीं. कारण लोभाची निदान लाज तरी वाटते. मादलेन आरासला जातो, भर न्यायालयांत स्वतःचें नांव सांगतो आणि नगराध्यक्षाचें वस्त्र उतरवतो. जी सत्ता सोडतां येत नाहीं तिनें आजपर्यंत केलेली सेवाहि संशयास पात्र ठरते; ती सोडतां आली म्हणजे मागची सर्व सेवा खरी होती असें सिद्ध होतें.

तथापि ह्यूगोशीं माझा एक मतभेद आहे. मादलेन गेल्यावर त्या गांवाची भरभराट ओसरली, हाताखालचे लोक आपसांत भांडले, माल हलका झाला, कारखाने बंद पडले, असें तो लिहितो, आणि त्याचा सर्व दोष वारसांच्या स्वार्थावर ठेवतो. मला हा निवाडा अपुरा वाटतो. पैसा, परवानगी, दया आणि न्याय या सर्वांचे धागे ज्यानें एकट्याच्या हातांत ठेवले, त्यानें आपल्यामागें कोणाला तयार केलें? पाय धुण्याच्या कथेंतील तिसरी गोष्ट, म्हणजे तुम्हींहि असेंच करा ही आज्ञा, मादलेनच्या कारभारांत कोठेंच दिसत नाहीं. एका सत्पुरुषाच्या छायेंत वाढलेला गांव त्या छायेबरोबरच संपतो. ह्यूगोचा विश्वास व्यक्तीच्या अंतःकरणावर इतका आहे कीं, संस्था कशा टिकतात या रुक्ष प्रश्नाकडे त्याचें लक्ष जात नाहीं. सद्भावनेला एखादी समिति, एखादा हिशेब आणि तक्रार ऐकणारा एखादा कान यांची जोड लागते. फांतीनला असा एक कान जरी मिळाला असता तरी ती वांचली असती.

तिसरा अधिकारी जाव्हेर. त्याला खलपुरुष समजणारे वाचक पुष्कळ आहेत, पण तो तसा नाहीं. तो लांच घेत नाहीं, ऐश करीत नाहीं, खोटें बोलत नाहीं. नगराध्यक्षावर आपण चुकीचा आळ घेतला असें वाटतांच तो स्वतः येऊन स्वतःची बडतर्फी मागतो. इतरांस लावलेला दंडक तो स्वतःलाहि लावतो, आणि असें म्हणवणारे अधिकारी आपण किती पाहिले आहेत? मग त्याचें उणें कोठें? तो अधिकारानें सेवा करीत नाहीं. तो अधिकाराचीच सेवा करतो. कायदा माणसाकरितां आहे ही कल्पनाच त्याच्या मनाला शिवलेली नाहीं. पुढें पॅरिसमधील १८३२ च्या उठावांत तो बंडखोरांच्या हातीं सांपडतो, आणि त्याला ठार मारण्याचें काम व्हालजाँ मागून घेतो. त्या घटकेला व्हालजाँच्या हातीं राजाइतकी सत्ता आहे, आणि साक्षीदार कोणी नाहीं. तो दोर कापतो, हवेंत गोळी झाडतो आणि जाव्हेरला जाऊं देतो. बिशपनें शिपायांसमोर जें केलें होतें तेंच हें दान. फक्त आतां तें चोराच्या हातून पोलिसाला मिळतें. जाव्हेरला तें पेलत नाहीं, आणि तो सेन नदींत देह टाकतो. पेत्रालाहि प्रभूनें आपले पाय धुवावे हें सहन होत नव्हतें, याची येथें आठवण होते. पेत्रानें शेवटीं पाय पुढें केले. जाव्हेरला तें जमलें नाहीं.

ही कादंबरी सर्वांगीं निर्दोष आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. योगायोगांचा भडिमार, वॉटर्लूपासून पॅरिसच्या गटारांपर्यंतचीं लांबलचक विषयांतरें, आणि जेथें कुजबूज पुरे तेथें भाषण करण्याची लेखकाची खोड, हे दोष उघड आहेत. रोमच्या चर्चनें १८६४ सालीं ती वर्ज्य ग्रंथांच्या यादींत घातली. एका बिशपला इतक्या उंचीवर नेणाऱ्या पुस्तकाची ही गत व्हावी, यांतला विनोद ह्यूगोलाहि कळला असेल. तो स्वतः कोणत्याहि चर्चचा अनुयायी उरला नव्हता. पण सत्तेच्या दोन्ही बाजू त्यानें पाहिल्या होत्या. १८४५ सालीं तो वरिष्ठ सभागृहाचा सभासद झाला, आणि त्याच सालीं त्यानें या कादंबरीस हात घातला. ती पुरी केली ती मात्र ग्वेर्नसे बेटावर, हद्दपारींत. मानाच्या आसनावर आरंभिलेलें पुस्तक परागंदा माणसानें संपविलें, हें त्याच्या पानापानांवर जाणवतें.

आपणां वाचकांपैकीं बिशप किंवा नगराध्यक्ष फारच थोडे. पण थोडाबहुत अधिकार प्रत्येकाच्या हातीं असतोच : वर्गांत शिक्षकाच्या, कचेरींत हेडक्लार्काच्या, घरांत कर्त्याच्या आणि स्वयंपाकघरांत सासूच्या. मोलकरणीची रजा, विद्यार्थ्याची फी, धाकट्या सुनेचें माहेरीं जाणें, असे निर्णय आपल्या एका शब्दावर अडतात किंवा सुटतात. त्या शब्दाची किंमत आपण भरतों कीं दुसऱ्याकडून भरून घेतों, आपल्या नांवानें काय चाललें आहे तें स्वतः वाकून पाहतों कीं नाहीं, आणि वेळ आली तर तो शब्द खालीं ठेवतां येईल कीं नाहीं, एवढेच प्रश्न ह्यूगो आपल्यापुढें ठेवतो. ते ख्रिस्ती घरांत जितके लागू तितकेच इतर घरांत.

कादंबरीच्या अखेरीस व्हालजाँ मरतो तेव्हां बिशपनें दिलेल्या त्या दोन समया त्याच्या उशाशीं तेवत असतात. बिशपला जाऊन तोंपर्यंत बारा वर्षें होऊन गेलेलीं असतात. त्याचा वाडा, त्याचें पद, त्याचा शब्द यांतलें कांहीं उरलेलें नसतें. उरलेला असतो तो एकच माणूस. आणि त्याच्याहि थडग्यावर नांव नाहीं.